तात्याबांचा कळप आणि आमची न्हाणी

"...आन् म्हातारा म्हणतोय, यंदा दसऱ्याला समद्या गाड्या वाटून टाकायच्या. त्यातली एक शेजारच्या चांगदेव टेलरला—"

एवढं ऐकू आलं आणि लाईट आली.

आमच्या शिरूरला लाईट कधी यावी याला काही नियम नाही, हे मला मान्य आहे. पण सकाळपासून गेलेली लाईट नेमकी माझं नाव निघाल्यावर यावी? गिरणी घर्र करून सुरू झाली. सिंधूबाईचं तोंड हलताना दिसत होतं, समोरची बाई तोंडाला पदर लावून हसताना दिसत होती, आणि ऐकू येत होता फक्त पट्टा. मी ज्वारीच्या डब्यामागं उभा होतो. (चोरून ऐकत नव्हतो. डबा माझा होता. आपल्या डब्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.) माझं दळण होईपर्यंत सिंधूबाई पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली, आणि संध्याकाळी कळलं की ती लेकीच्या बाळंतपणाला दौंडला गेली, आता दसरा झाल्यावरच येणार.

दसऱ्याला पंधरा दिवस होते. पंधरा दिवस माणसानं अर्ध्या वाक्यावर कसे काढायचे?

बातमी मात्र खात्रीची होती, कारण सिंधूबाई तात्याबांच्याच घरी धुणंभांडी करते. आणि तात्याबा म्हणजे आमचे लागून शेजारी. दोन घरांच्या मधे एक बोळ, बोळात आमची न्हाणी, आणि न्हाणीच्या पलीकडं माझी खिडकी. खिडकीपाशी माझं शिलाई मशीन. मशीन तिथं ठेवलंय ते उजेडासाठी. आता उजेडाबरोबर तात्याबांचं सगळं अंगण दिसतं, याला मी काय करू?

तात्याबा, म्हणजे आमचे आबा, दौंडला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये पस्तीस वर्षं फिटर होते. दुसरी माणसं पगारातून जमीन घेतात. आबांनी जुन्या मोटारी घेतल्या. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला एखादा साहेब बदलून गेला, एखादी मडम पोराकडं ऑस्ट्रेलियाला गेली, की मागं राहिलेली बंद गाडी आबांकडं. ड्यूटी सुटली की आबा तिच्या पोटाखाली. असं करत करत पाच गाड्या झाल्या. रिटायर झाल्यावर आबा त्या घेऊन शिरूरला न्हावरा रोडला आले, आणि पत्र्याची लांब शेड बांधून त्यांनी पाचही जणी आत बांधल्या. बांधल्याच म्हणायचं, कारण मूळ घराणं मेंढपाळाचं. गाड्यांची नावंसुद्धा मेंढ्यांची. काळी मॉरिस ती 'काळी'. लाल हेरल्ड ती 'तांबडी'. फियाट ती 'पांढरी'. हिरव्या-पांढऱ्या रंगाची, मालगाडीच्या डब्याएवढी लांब प्लायमाउथ ती 'बांडी'. जीप तेवढी नर, म्हणून तिचं नाव 'एडका'.

दर रविवारी सकाळी आबा पाचही गाड्या चालू करायचे. आवाज आमच्या घरात, धूर आमच्या घरात. सुषमाच्या वाळत घातलेल्या साड्यांना रविवारी वेगळाच रंग चढायचा. (सुषमा म्हणजे आमची मंडळी. हिच्या हातात लाटणं असताना मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोललो, तिथंच चुकलं.)

"सुषमा, आपल्याला गाडी मिळणार."

"कोण देतंय?"

"आबा."

"आबांचा पान्हा मागं आणला तो तुम्ही अजून परत केला न्हाई. आन् ते गाडी देत्यात व्हय?"

"सिंधूबाई म्हणत होती. एक गाडी चांगदेव टेलरला."

"चांगदेव टेलरला काय? द्यायची, इकायची, का अंगावर घालायची?"

"तेवढ्यात लाईट आली."

सुषमानं पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्या नजरेचा अर्थ मला कळतो. पण डोक्यात एकदा फियाट शिरली की दुसरं काही शिरत नाही. फियाटच असणार हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. काळी फार म्हातारी, तांबडी दोन दारांची, एडका टेलरला शोभत नाही, आणि बांडी आमच्या आळीत वळणार नाही. राहिली पांढरी.

मग मी एक छोटासा निर्णय घेतला. आबांना बरं वाटावं म्हणून पांढरीला एक गवसणी शिवायची. फुकट.

जूनमधल्या शाळेच्या गणवेशाचा खाकी तागा उरला होता. टेप गळ्यात घालून मी शेडमध्ये गेलो. तिथं आबांचा आणि संपतचा वाद चालला होता. संपत म्हणजे आबांचा मुलगा, रांजणगावला कंपनीत सुपरवायझर. शेड पाडून तिथं कंपनीतल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या, हा त्याचा हट्ट. त्याची स्वतःची नवी मारुती बाभळीखाली उन्हात उभी असायची, अंगावर चिमण्यांची शिट घेऊन.

"आबा, खोल्यांचं जाऊ द्या वो," संपत म्हणत होता, "पर मागल्या महिन्यात एडक्याचं हँडल मारताना तुमच्या छातीत कळ आली. डॉक्टर काय म्हणलं?"

"डॉक्टर म्हणला, हँडल मारू नका."

"मग?"

"मग मी दुसऱ्या दिशी ढकलून चालू केली."

संपतनं कपाळाला हात लावला. "दसऱ्यापातुर काय ते ठरवा. न्हाईतर दौंडच्या हौसरावला सांगतो. तो येऊन तोडून घेऊन जाईल."

हौसराव म्हणजे भंगारवाला. ते नाव निघाल्याबरोबर आबांनी काळीच्या बॉनेटवर हात ठेवला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, पण त्या वेळी अगदी लहान दिसला. संपत गेल्यावर म्हणाले, "चांगदेवा, बहात्तरच्या दुष्काळात माझ्या बापानं समदा कळप खाटकाला दिला. चारा न्हवता, विलाज न्हवता. त्यानंतर तो तीन दिस जेवला न्हाई. चौथ्या दिशी मला म्हणला, तात्या, जित्राब राखाय जमत न्हाई तवा चांगल्या राखणाऱ्याच्या हवाली करावं, पर खाटकाला देऊ नये. आता माझ्यानं राखणं व्हईना. मग म्या काय करू?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. (शिवाय मला फियाटही हवी होती. दोन्ही गोष्टी एकाच छातीत मावतात.)

"आबा, चांगला माणूस बघून द्या की," मी म्हणालो आणि टेप जरा ठळक दिसेल असा सरळ केला.

आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझ्याकडं जागा हाय का रं?"

"हाय की आबा! बोळ हाय."

"बोळात तर न्हाणी हाय तुझी."

"न्हाणी काय, आज हाय उद्या न्हाई."

"दिसभर घरीच असतूस?"

"टेलर माणूस कुठं जाणार?"

"रातच्याला झोप कशी हाय?"

"मांजर कौलावरनं गेलं तरी जाग येते."

"कुणी परका मानूस अंगणात आला तर कळतं तुला?"

"आबा, तुमच्याकडं परवा दुपारी साडेतीनला निळ्या शर्टाचा माणूस आला होता, चहा न घेता गेला."

"बराबर हाय," आबा म्हणाले आणि मान डोलावत राहिले. मुलगी बघायला आलेल्यांनी पसंती न सांगता फक्त मान डोलवावी, तशी.

मी घरी आलो तो गाडीचा मालक होऊनच. पांढरीची गवसणी दोन दिवसांत शिवून झाली. घालून बघितली तर आबा म्हणाले, "एकीला नेसवलंस आन् चौघी उघड्या? मनाला लावून घेत्यात त्या." मग काय करता? काळीची शिवली, तांबडीची शिवली, एडक्याची शिवली. दसरा-दिवाळीचे लोकांचे शर्ट तसेच कापून पडले होते. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "चांगदेव, बाह्या कुठायत?" मी म्हणायचो, "जीपला झाल्यावर." पाचवी बांडी. तिला इतकं कापड लागलं की खाकी संपून चौकड्याचं कापड लागलं, ते संपून आमची जुनी चादर लागली, आणि तरी दोन-अडीच मीटर कमी. शेवटी माझ्या खिडकीचा गुलाबाच्या फुलांचा पडदा काढून तो जोडला. तो पडदा तसाही मी कधी ओढलेला नव्हता.

यानंतर न्हाणी.

न्हाणी पाडायला ज्ञानू गवंड्याला बोलावलं तेव्हा सुषमा बाजारात होती. (हा योगायोग नव्हता.) ती आली तेव्हा बोळात विटांचा ढीग होता, ज्ञानू चहा पीत होता, आणि मी तेरा फूट मोजून चुना ओढत होतो.

"अहो, न्हाणी कुठंय?"

"तिच्या जागी पांढरी येणार."

"आन् मी अंघोळीला कुठं जाऊ? पांढरीत बसून?"

"चारच दिवस काढ. मागं नवी बांधू."

"ज्ञानूभाऊ," सुषमा ज्ञानूला म्हणाली, "तुमी तरी इचारायचं ना ह्यांना."

"वहिनी, मी इचारलं," ज्ञानू म्हणाला. "म्हणलं, टेलर, गाडी कवा आली? तर म्हणलं, अजून सांगितली न्हाई, पर येणार हाय. मला वाटलं पाळणा हलणार हाय."

तेव्हापासून सुषमा बादली-टॉवेल घेऊन आबांच्या घरी अंघोळीला जायला लागली आणि मी कंपाउंडच्या आडोशाला, भल्या पहाटे, चड्डीवर. आळीत कोण कधी उठतं याची मला आता जास्तच माहिती झाली. त्यांनाही माझी झाली.

खंडेनवमी आली. मशीनला झेंडूची माळ घातली, कात्री-टेप पाटावर ठेवून हळद-कुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्याराला सुट्टी. मी खिडकीत नुसता बसलो होतो. (उजेडासाठी.) आबा काळीसाठी दौंडला कुणाला तरी बोलवायला सकाळच्या एस.टी.नं गेले होते. एवढ्यात, दसऱ्याला एक दिवस बाकी असतानाच, अंगणात टेम्पो शिरला. त्यातून हौसराव उतरला, त्याचे दोन कामगार उतरले, आणि दोन नळकांड्यांचा गॅस कटर उतरला.

मी पळालो. पायात चप्पल नाही. संपत म्हणतोय, "टेलरमामा, थांबा," कामगार म्हणतोय, "अरे चाचा, उधर किधर?" आणि मी सरळ पांढरीचं दार उघडून आत बसलो आणि काच वर केली.

बसल्याबरोबर कळलं की आपण कशावर तरी बसलोय.

गिताबाईच्या, म्हणजे आबांच्या मंडळींच्या, कोंबड्या पांढरीच्या सीटवर अंडी घालतात हे मला खिडकीतून कधी दिसलं नव्हतं. पंधरा वर्षांची माझी नजर, आणि एवढी मोठी गोष्ट सुटली! खालून गारवा पसरायला लागला. शेजारच्या सीटवरची कोंबडी माझ्याकडं अशी बघत होती की पोलिसांत जाईल.

"उतरा वो मामा!" संपत ओरडला.

"न्हाई उतरत! आधी मला तोडा!"

हौसराव शांत माणूस. त्यानं वाकून काचेतून बघितलं आणि संपतला विचारलं, "वजन ह्यांच्यासकट करायचं का?"

तेवढ्यात गिताबाई बाहेर आल्या. "कोण बसलंय माझ्या खुडूक कोंबडीच्या अंड्यांवर? चांगदेव? अरं मुडद्या, अकरा अंडी व्हती!"

"काकू, अंड्यांचं नंतर बघू! आज खंडेनवमी हाय!" मला एकदम सुचलं. मी काच चार बोटं खाली केली. "हौसराव, आज हत्यार पूजेचं असतं का चालवायचं असतं? तुमच्या टेम्पोला तर माळ घातलीय. कटरला घातली का?"

हौसरावनं टेम्पोकडं बघितलं, मग कटरकडं. चेहरा उतरला. "न्हाई घातली," तो म्हणाला. "सकाळी गडबडीत राहिली."

"राहिली? आन् बिनपूजेचा तुमी तो पेटवणार?" गिताबाई अंडी विसरल्या. आत गेल्या, आरतीचं ताट घेऊन आल्या, कटरला हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. "आता उद्याच्याला हात लावा ह्याला. आन् उद्या दसरा हाय, उद्या कुणी मोडतोड करत न्हाई. परवा बगा."

आबा परत आले तेव्हा हौसराव चहा पीत होता, संपत पायरीवर डोकं धरून बसला होता, आणि मी अजून पांढरीत होतो. उतरण्यासारखी पँटची स्थिती नव्हती. आबांनी सगळं ऐकून घेतलं. दारापाशी आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चांगदेवा," ते म्हणाले, "राखणारा असा पायजे."

मला वाटलं, झालं. आता किल्लीच.

दसऱ्याला संध्याकाळी पाचही गाड्या धुऊन, माळा घालून अंगणात रांगेनं उभ्या होत्या. सुषमा नव्या साडीत. मी नव्या पँटमध्ये. (जुनी धुवूनही वास जात नव्हता.) आबांनी आपट्याची पानं हातात घेतली आणि एकेकाला बोलावलं. काळी दौंडच्या मारुतरावांना, रेल्वेतले रिटायर गार्ड, आबांचे जुने सोबती. एडका पाबळच्या शाळेला, तिथली पोरं हत्यारं धरायला शिकतात म्हणून. तांबडी न्हावऱ्याच्या डॉक्टरांना. ("हँडल मारू नका म्हणलं ना? आता तुमीच मारा.")

"पांढरी," आबा म्हणाले, आणि मी एक पाऊल पुढं टाकलं, "कुटंच जाणार न्हाई. ती गितीच्या कोंबड्यांची."

मी पाऊल मागं घेतलं.

"आन् आपली बांडी, चांगदेवाला."

माझ्या हातात आपट्याची पानं आणि एक किल्ली आली. साडेसोळा फूट गाडी माझ्याकडं बघत होती.

"आबा, मला?"

"तुलाच. राखोळीला."

राखोळी म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगावं लागेल, आम्हाला नाही. जनावर मालकाचं, राखण दुसऱ्याची. चारापाणी त्यानं करायचं, दुखलं-खुपलं त्यानं बघायचं, आणि मालक म्हणेल तेव्हा आणून दाखवायचं.

"दर रविवारी चालू करायची," आबा सांगत होते. "पेट्रोल तुझं. म्हैन्याला आणून दावायची. दर दसऱ्याला पाची जणी हितं एका रांगंत दिसल्या पायजेत. बाकीच्यांना बी हेच सांगितलंय. कळप मोडला न्हाई पायजे, नुस्ता पांगला पायजे."

संपतनं सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं आणि हळूच म्हणाला, "आबा, खोल्यांम्होरं पाच गाड्यांपुरती जागा सोडतो मी. दसऱ्याच्या रांगंला." आबांनी त्याच्या डोक्यावर पानं ठेवली. बरं वाटलं बघून.

बरं वाटलं नाही ते फक्त सुषमाला. "आबा, एक इचारू?" ती म्हणाली. "राखोळीच्या शेळीचं पयलं करडू मालकाचं, दुसरं राखणाऱ्याचं. बांडीला दुसरं कवा व्हणार?"

आबा खो खो हसले. छातीला हात न लावता. पुष्कळ दिवसांनी.

बांडी बोळात घालायला आठ माणसं लागली. न्हाणीच्या तेरा फुटांत ती मावली नाही. ढकलत ढकलत पुढं घेतली, तेव्हा तिचं बूड न्हाणीच्या जागी आणि तिचं धूड थेट माझ्या खिडकीसमोर आलं. मशीनवर बसलो तर समोर नुसता हिरवा पत्रा. अंगण नाही, आबा नाहीत, कोण आलं, कोण गेलं, काही नाही. दिवसा बल्ब लावून मी लोकांच्या बाह्या जोडत होतो.

तिसऱ्या दिवशी सिंधूबाई दौंडहून आली. नातू झाल्याचे पेढे द्यायला आली तेव्हा मी तिला दारातच गाठलं.

"सिंधूबाई, गिरणीत तुम्ही काय म्हणत होता? एक गाडी चांगदेव टेलरला... पुढं काय?"

"तुमी ऐकलं व्हय?"

"डबा माझा होता. पुढं सांगा."

"आबा म्हणलं, एक चांगदेव टेलरला राखोळीला द्यायची, त्याच्यावानी राखण कुणाला जमायची न्हाई."

"हे तर खरंच झालं," मी छाती पुढं काढली. "मग हसत का होता दोघी?"

सिंधूबाईनं पेढ्याचा पुडा खाली ठेवला. "तवा गिताकाकू म्हणल्या, द्यायचीच तर बांडी द्या. लय लांब हाय. त्याची खिडकी पुरती झाकंल."

सुषमा आतून इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी पेढा न घेताच मशीनवर जाऊन बसलो. स्वाभिमान नावाची गोष्ट असते. पण दुपारी विचार केला, बांडीला काचा तर चारी बाजूंनी आहेत! हातशिलाईचं काम घेऊन मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. काय सांगू! सोफ्यासारखी सीट, भरपूर उजेड, आणि समोर आबांचं अंगण पहिल्यापेक्षा जवळ. संपतच्या खोल्यांसाठी वीट किती आली, रेती कुणाची, सगळं दिसत होतं. मी काजं करायला घेतली.

इतक्यात गिताबाई शेडमधून आल्या. हातात मोठं घडीचं बोचकं. "ऊन फार हाय," कुणाला तरी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गाडी झाकल्याली बरी." आणि मी काच खाली करेपर्यंत बॉनेटवरून टपावर, टपावरून मागं, बांडीची गवसणी सर्रकन ओढली गेली. माझ्या नाकासमोर गुलाबाची फुलं आली.

शिलाई मात्र एक नंबर झाली होती. कुठूनसुद्धा काही दिसत नव्हतं.